मुंगीचं माहेर आणि गावाची विहीर

फार पूर्वी, पाणी आटलं की गावंच्या गावं उठून दुसरीकडे जायची, त्या काळात घडलेली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथे गोदाक्का नावाची बाई राहायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि कुणाच्या घरात काय बिनसलंय, हे त्या त्या घरच्या माणसांच्या आधी तिला ठाऊक असायचं.

एका सकाळी ती लांबच्या ओढ्यावर घागर घेऊन गेली, तर करंजाच्या झाडाआड दोघी जणी कुजबुजत होत्या.

"अगं, खरंच! पाटीलच म्हणाले. गोदाक्का म्हणे गोष्ट सांगून पाणी..."

तेवढ्यात गोदाक्काच्या पायाखाली पाचोळा वाजला आणि दोघी गप्प झाल्या.

"काय गं? गोष्ट सांगून पाणी काय?"

"कुठं काय आक्का! चल बाई, उशीर झाला," म्हणत दोघी लगबगीनं निघून गेल्या.

साऱ्या गावाच्या बातम्या जिच्याकडे, तिला स्वतःची बातमी मात्र अर्धीच मिळावी! घागर तिथेच ठेवून गोदाक्का तडक पाटलांच्या ओट्यावर गेली.

"बरं झालं आलीस," मिशीवरून हात फिरवत पाटील म्हणाले. "उद्या विहीर खणायला येसाजी आणि त्याची माणसं येणार. त्यांची एक रीत आहे. पहिली कुदळ पडताना काठावर बसून कुणीतरी गोष्ट सुरू करायची. ती संपेपर्यंत काम सोडायचं नाही, अवजारं विहिरीबाहेर काढायची नाहीत. लोक 'एक राजा होता, तो सुखी झाला' एवढं म्हणून मोकळे होतात. तूही तेवढंच म्हण."

"आणि पाणी नाही लागलं तर?"

"सात पुरुष खोल जायचं. म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. तरी नाही लागलं, तर गाव उठवायचं. गाड्या तयार आहेत. कुणी पूर्वेला जाईल, कुणी पश्चिमेला."

 कुठलं दार कसं कुरकुरतं, कुणाची सून कशी खोकते, हे गोदाक्काला डोळे मिटून सांगता यायचं. ते सगळं आता वाऱ्यावर जाणार? मग रोज सकाळी उठून चौकशी तरी कुणाची करायची?

तिनं पदर खोचला. म्हणाली, "गोष्ट सांगते. पण ती कधी संपवायची, ते मी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ पडली आणि गोदाक्कानं सुरुवात केली.

"एक होती मुंगी. ती निघाली माहेराला. डोक्यावर आईसाठी तिळाचा एक दाणा घेतला..."

मुंगी चालू लागली आणि खाली कुदळी चालू लागल्या. वाटेत मुंगीला एक गोगलगाय भेटली. ती घर पाठीवर घेऊन फिरायची, तरी घराला कुलूप लावलं का, म्हणून दर चार पावलांवर मागे वळून बघायची. पुढे एक सरडा भेटला. तो बोलता बोलता मिशीवरून हात फिरवायचा. हे ऐकून पाटलांनी मिशीवरचा हात हळूच खाली घेतला आणि खणणारी माणसं पोट धरून हसली.

माती संपली, मुरूम लागला. मुरूम संपला, कातळ लागला. आठव्या दिवशी येसाजी घाम पुसत ओरडला, "झालं आक्का! सात पुरुष भरले. संपवा आता गोष्ट."

"कशी संपवू? मुंगी अजून वाटेतच आहे."

"अगं, पोचव की तिला एकदाची!" पाटील वैतागले.

"तुमच्या लेकीला अशी अर्ध्या वाटेवरून ढकलत पोचवाल का?"

माणसं हसली. येसाजीनं मान हलवली आणि पुन्हा पहार उचलली. रीत म्हणजे रीत.

पण दहाव्या दिवशी गोदाक्काच अडली. मुंगीच्या वाटेत एक हत्ती आडवा झोपला होता. हत्ती तिनंच आणून झोपवला होता, पण आता काही केल्या तो उठेना. गोदाक्कानं डोळे मिटले, उघडले. शब्द म्हणून सुचेना. खाली पहारींचे आवाज एकेक करून थांबले.

"आक्का, पुढं?" खालून येसाजीनं विचारलं.

मुंगीला एका वाक्यात माहेरी पोचवून मोकळं होता आलं असतं. गोदाक्काच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. पण तिनं ते गिळलं. काठावरून खाली वाकून ती म्हणाली, "येसाजी, पुढचं मलाच दिसत नाही रे. तुला काय वाटतं? काय करील मुंगी?"

 मग दगडांचं घमेलं उचलता उचलता येसाजीची बायको राही म्हणाली, "सोंडेत शिरंल, दुसरं काय!"

"आणि हत्ती शिंकला म्हंजे?" एक जण खालून ओरडला. "थेट सासरी जाऊन पडंल!"

"माझी सासू असंल तर परत सोंडेत पळंल!" राही म्हणाली.

विहीर हसण्यानं घुमली. हसता हसता कुणीतरी पहार मारली. दुसऱ्यानंही मारली.

पाटलांना राहवलं नाही. "अरे, एवढं काय त्यात? सरळ हत्तीच्या पाठीवरून चढून जाईल की!"

"जाईल पाटील," गोदाक्काचे डोळे चमकले. "पण मुंगीची पावलं ती. हत्ती चढायला तिला किती दिवस लागतील?"

पाटलांनी मनातल्या मनात हिशेब केला. "दोन तरी लागतील."

"ऐकलं का रे? पाटील म्हणतात, दोन दिवस!"

आता गोष्ट एकटीची राहिली नव्हती. कुणी हत्तीच्या पाठीवर गवत रुजवलं, कुणी त्या गवतात मुंगीला दुपारची झोप घ्यायला लावली. सांगणारे सांगत होते, खणणारे खणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी हत्तीच्या पाठीवर पोचली आणि तिला लांबवर माहेरची चिंच दिसली. त्याच वेळी पहारीचा आवाज बदलला. कातळाला चीर गेली आणि पाण्याची धार येसाजीच्या छातीवर आली.

गाव नाचू लागलं. गाड्यांवरचं सामान उतरू लागलं. पण येसाजी गुडघाभर पाण्यात तसाच उभा.

"अरे, वर ये!" पाटील ओरडले.

"अवजारं वर यायची नाहीत. मुंगी हत्तीवरच आहे अजून!"

मग गोदाक्कानं मुंगीला शेपटीवरून सावकाश खाली उतरवलं आणि आईच्या दारात नेऊन उभं केलं. आईनं तिळाचा दाणा बघितला, डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढं ओझं कशाला आणलंस गं?" तेव्हा कुठे पहारी वर आल्या.

पुढे पंचक्रोशीत बोलबाला झाला, की गोदाक्कानं गोष्ट सांगून पाणी काढलं. लोक खात्री करायला यायचे. ती म्हणायची, "छे हो! गोष्टीनं एक ढेकूळसुद्धा हललं नाही. पाणी काढलं ते या हातांनी."

त्यावर येसाजी आपले घट्टे पडलेले तळवे दाखवायचा. "आक्का, हे हात तर सातव्या पुरुषालाच थांबले होते."

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: गोष्ट माणसाचं काम करत नाही, पण ते काम तडीस जाईपर्यंत माणसाला खचू देत नाही.