तांबडीचे टायर

गाड्या आपले टायर स्वतःच निवडत, त्या काळची गोष्ट. तांबडी नावाची छोटी गाडी शर्यतीच्या मैदानावर सरावाला आली होती. पाऊस नुकताच थांबून ऊन पडलं होतं.

“आम्हाला लाव,” गुळगुळीत टायर म्हणाले. “रस्ता वाळलाय. बाकीच्या कधीच सुटल्या!”

खाचांचे टायर चाचरत म्हणाले, “झाडांखालचं वळण अजून ओलं असेल. पण कोरड्यावर आम्ही हळू धावतो गं, झिजतोही लवकर.”

तांबडीने खाचांचेच टायर चढवले. गुळगुळीत टायरांवरची काळी गाडी तिला हसत पुढे गेली. तांबडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात ते वळण आलं आणि तिच्या डोळ्यांदेखत काळी गर्रकन फिरून कठड्यावर आदळली.

तांबडीने जीव मुठीत धरून वळण घेतलं. खाचांनी पाणी बाजूला सारलं आणि रस्ता सोडला नाही. वळणापलीकडे थांबून तिने काळीला ओढून बाहेर काढलं.

दुपारी तांबडी खाचांच्या टायरांना म्हणाली, “आता तुम्हाला कधीच सोडणार नाही.”

तापून सोलवटलेले टायर म्हणाले, “वेडी का तू? वळण वाळलं. आम्हाला उतरव आणि त्या गुळगुळीतांना चढव.”