गालावरची काजळी

या, असे सावलीला या. तो अंगणातला काळा दगड दिसतोय ना, मधोमध खळगा पडलेला? त्यावर तेवढं बसू नका. रानवडीत त्याला कुणी पाय लावत नाही. खळग्यात पाणी साचलं की चिमण्या येऊन पितात, त्यांना मात्र मुभा आहे. आणि हो, गावात शिरताना माणसांच्या गालांवर काळी बोटं उमटलेली पाहून तुम्ही एकमेकांकडे बघत हसलात, ते दिसलं बरं का! हसा, हसा. आज खंडेनवमी. यंदा ज्यांनी पहिली सुरी घडवली, त्यांच्या चुलीची काजळी आहे ती. सणासुदीला असं काळं तोंड का करून घेतात, ते या दगडापासून सांगायला हवं.

फार मागची गोष्ट. असं सांगतात, की तेव्हा या घरात शिदू लोहार राहायचा. त्याच्या विळ्याला सगळ्या खोऱ्यात तोड नव्हती. राही त्याची बायको. भाता तीच ओढायची, घणही तीच मारायची. जाळात लोखंडाचा रंग कधी भरला, हे तिला शिदूच्या आधी कळायचं म्हणे. पण पातं घडून झालं आणि शेवटचं तापवून विझवायची वेळ आली, की शिदू म्हणायचा, "राही, तोंड फिरव." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पाठीमागे पातं कशात तरी बुडायचं, आवाज व्हायचा, मग हाक यायची, "हां, बघ आता." ही विद्या बापानं लेकाला द्यायची, बायकोला नाही, अशी त्या घराची रीत. आता यांना मूलबाळच नव्हतं, तरी रीत काही सुटली नाही. घण मारून खांदे भरून यायचे त्याचं राहीला काही वाटायचं नाही, पण त्या भिंतीचा तिला फार राग यायचा. बोलायची मात्र नाही.

एका उन्हाळ्यात शिदूच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. पडवीतल्या बाजेवर पडून नुसता बघत राहायचा. गाव हळहळलं. मग शिदूचा चुलतभाऊ नाथू गाडी घेऊन आला. "ऐरण बाईमाणसाच्या दारात शोभत न्हाई, वैनी," असं म्हणत ऐरण, भाता, घण, सांडस सगळं गाडीत घालून घेऊन गेला. त्याला अडवणार कोण?

पाटील तसा वाईट माणूस नव्हता, पण सुगी तोंडावर आली होती. तो राहीला म्हणाला, "बाई, गावाला धार लागती. खंडेनवमीला शिदूच्या घरचं नवं पातं देवीम्होरं आलं, तर घर तुमचं आन् बलुतंबी तुमचं. न्हाई आलं, तर दुसरा लोहार आणावा लागंल. त्याला ऱ्हायला हेच घर द्यावं लागंल." लुळा नवरा घेऊन ती जाणार कुठं? 

रडून झाल्यावर तिनं घरात काय उरलंय ते बघितलं. नाथूच्या नजरेतून सुटलेली एक हातोडी होती आणि एक मोडका विळा. बाकी चूल, फुंकणी, निखारे काढायचा चिमटा. आणि अंगणात हा दगड. विळ्याचा तुकडा तोडून तिनं अंगणातल्या चुलीत घातला आणि गाल दुखेस्तोवर फुंकर घातली. पण चुलीला भट्टीची धग कुठली यायला! पातं पुरतं तापेना, हातोडीखाली नुसतं मुरगळायचं. मग तिनं चुलीला दगडांचा आडोसा केला, मातीनं लिंपला, खैराचे कोळसे भरले आणि फुंकणी टाकून सुपानं वारा घालायला बसली. तेव्हा कुठे तिच्या ओळखीचा पळसफुलाचा रंग भरला.

शेजारची बनाबाई कुंपणावरून बघत होती. तेलावरून दोघींचं कधीतरी वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं नव्हतं. तरी तिला राहवेना. "लोखंडाची भाकर थापतीयास व्हय गं?" राही हातोडी मारतच राहिली. या दगडावर ठोकून ठोकून सुरी झाली. वाकडी का होईना, पण सुरी. तापवून तिनं ती रांजणाच्या गार पाण्यात बुडवली. चर्र झालं, आणि टण्णकन पात्याला उभी चीर गेली. पुन्हा घडवली, पुन्हा तडकली. आता विळ्याचा शेवटचा तुकडा राहिला, आणि खंडेनवमी उजाडली.

सकाळी राहीनं त्या तुकड्याचं पातं घडवलं, पण बुडवायला तिचा हात धजेना. ती शिदूच्या बाजेशी गेली. "अवो, माझ्या पाठीमागं काय करत व्हता? सांगा की!" शिदूचे ओठ थरथरले, शब्द काही फुटला नाही. राहीचा राग इतक्या वर्षांनी तोंडाशी आला. "जलमभर घण मारला तुमच्यासंगं, आन् येवढं येक दाखवलं न्हाईसा!" असं म्हणून ती फणकाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि तिथंच तिला आठवलं. तो आवाज चर्र असा नव्हताच. तो जाड होता, फस्स करून लांबणारा, कढईत वडा सोडल्यासारखा. मागोमाग एक कडू वास यायचा. करंजेलाचा! घरातल्या दिव्याच्या तेलाचा! बुधल्यातलं तेल उतरतं कसं म्हणून तिनं वर्षानुवर्षं उंदरांना शिव्या घातल्या होत्या, बनाबाईवर आळ घेतला होता. राही रडता रडता हसायला लागली. "आत्ता गं बया! चोर घरातच की! माझंच तेल, आन् मलाच तोंड फिरवाय लावलं!"

बुधल्यात तर आता थेंबभर तेल. ती तशीच कुंपणाशी गेली. "बने, तू तेल न्हेलं नव्हतंस. चुकले मी. आज मातर गाडगंभर करंजेल दे, माझ्या घरावर आलंय." बनाबाईनं गाडगं आणलं, आणि काय चाललंय ते बघायला तिच्या मागून अख्खी आळी आली.

पातं लाल झालं. राहीनं ते चिमट्यात धरलं, तशी आळीनं मुकाट्यानं तोंडं फिरवली. लोहाराच्या दारातली रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. राही ओरडली, "कुणी तोंड फिरवायचं न्हाई! बघा!" सगळे वळले. एकटा शिदू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला लाज वाटली असेल, दुसरं काय! राहीनं पातं परत निखाऱ्यात सरकवलं, पडवीत गेली आणि कोळशानं माखलेल्या हातानं त्याचा गाल धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "तुम्हीबी बघा," ती म्हणाली. "बरोबर करतीया का, ते तुमच्याबिगर कुणाला कळायचं?"

मग तिनं पातं तेलात बुडवलं. फस्स झालं, धूर उठला. बाहेर काढून दगडावर वाजवलं, तर कुठं चीर नाही. पाट्यावर घासून धार काढली आणि सुरी देवीपुढे नेली. तिचं वाकडं टोक बघून पाटलानं नाक मुरडलं, पण कोहळ्यावर ठेवताच कोहळ्याच्या दोन फाका झाल्या. घर राहिलं, बलुतं राहिलं. राही घरी आली तेव्हा बनाबाई ओल्या फडक्यानं शिदूचा गाल पुसायला बघत होती, आणि शिदू डाव्या हातानं तिचा हात सारखा बाजूला करत होता. काळी बोटं त्यानं पुसू दिली नाहीत. राहीला बघून तो हसला म्हणे, अर्ध्याच तोंडानं.

पुढं जो कुणी शिकायला आला, बाई असो की गडी, त्याला राहीनं सगळं दाखवलं. आजही रानवडीत माणूस आपली पहिली सुरी घरच्या चुलीवरच घडवतो. तो खळगा राहीच्या हातोडीचा. पातं विझवायच्या वेळी दारं उघडी ठेवून आळीला हाक मारतात, आणि बघायला येईल त्याच्या गालावर काळी बोटं ओढतात. पहिला मान घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. ती बोटं त्या दिवशी कुणी पुसत नाही.

ते बघा, पलीकडच्या अंगणात सूप हलायला लागलं. बनाबाईच्या वंशातली सून आहे ती, तिची पहिलीच सुरी. चला, उठा. गाल पुढं करा, आणि पातं बुडेल तेव्हा तोंड फिरवू नका.