तहान जिंकलेला पाणाड्या

एका गावात एक म्हातारा पाणाड्या राहत होता. त्याचं नाव म्हाळूआबा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून अनवाणी चालायचा. जमिनीच्या पोटात जिथे पाणी असेल तिथे नारळ हळूच हलायचा आणि शेंडी वर करून उभा राहायचा. तिथे खणलं की पाणी लागायचंच. आसपासच्या निम्म्या विहिरी आबाच्या तळहातावर जन्मल्या, असं लोक म्हणत. आबाला ते ऐकायला फार आवडे.

त्याच्या गुरूने त्याला एक नेम घालून दिला होता. पाणी शोधायला निघालं की ते सापडेपर्यंत थेंबही तोंडात घ्यायचा नाही. तहानलेल्या अंगालाच पाण्याची ओढ कळते, असं गुरू सांगे. तरुणपणी हा नेम आबाला जड जाई. घशाला कोरड पडे, जीव कासावीस होई. पण सत्तरी उलटली आणि तहान त्याच्याकडे फिरकेनाशी झाली. मग नेमाचे दिवस कुठले आणि साधे दिवस कुठले, सगळे सारखेच झाले. आबाला वाटलं, आपण तहान जिंकली.

"अवो, ओठ बघा की कसं फुटल्यात," त्याची बायको ठकूबाई म्हणायची. "दोन घोट तरी घ्या."

"मला तहानच न्हाई. तू पी," आबा ऐटीत सांगायचा.

ठकूबाई रोज सकाळी त्याच्याजवळ तांब्या भरून ठेवी. संध्याकाळी तो तसाच भरलेला असे. मग ती ते पाणी तुळशीला घाली. आबा दिवसेंदिवस सुकत गेला, तुळस मात्र छान फोफावली.

एका चैत्रात खडकेवाडीचे पाटील त्याला न्यायला आले. त्यांच्या वाडीत विहीर नव्हती. बायका दोन टेकड्या ओलांडून झऱ्याचं पाणी आणत.

"आबा, आमच्याकडं सगळा काळा खडक," पाटील म्हणाले. "एकच विहीर खणायचं बळ हाय वाडीत. जागा चुकली तर वाडी उठवावी लागंल."

"माझी जागा कधी चुकली न्हाई," आबा म्हणाला आणि नारळ घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यापासून तो खडकेवाडीच्या माळावर चालत होता. नारळ हातावर गाढ झोपल्यासारखा पडून होता. मागून सगळी वाडी पाय न वाजवता चालली होती. झऱ्याच्या वाटेवर आबाला वाडीतली हौसाक्का भेटली. वय ऐंशीच्या पुढचं, कमरेवर घागर, हातात लोटी. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या दगडाशी ती थांबे, लोटीतून घोट घेई आणि पुढे निघे.

तिने लोटी पुढे केली. "घे रं म्हाळू."

"माझा नेम हाय, अक्का. आन् तहान बी न्हाई."

"मला तरी कुठं हाय?" हौसाक्का हसली. "माझी तहान कवाच म्हातारी झाली. आता ती हाक मारायची इसरती. म्हणून मी दगड मोजते आन् घोट घेते."

आबाने मान हलवली आणि तो पुढे गेला. दुपार झाली. माळ हळूहळू मऊ होऊ लागला. आबाचे पाय जमिनीला टेकत होते की नाही, त्यालाच कळेना. दूरवर पाणी चमकलं. ते जवळ आलं, त्याच्या घोट्यांभोवती वळलं आणि मोठी निळी नदी होऊन माळावरून वाहू लागली. बाभळींच्या फांद्यांमधून चंदेरी मासे सावकाश निघाले होते. नदीत कुणीतरी गात होतं आणि तो आवाज त्याच्या आईचा होता. आबाला खूप बरं वाटलं. तेवढ्यात त्याच्या तळहातावर नारळ थरथरला आणि ताडकन उभा राहिला.

"हितंच!" आबा म्हणाला. लोकांनी तिथे हळद वाहिली. आबा त्या निळ्या नदीत बसायला गेला आणि जमिनीवर कोसळला.

त्याला उचलून चिंचेखाली आणलं. तोंडावर पाणी शिंपडल्यावर त्याने डोळे किलकिले केले. हौसाक्काने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मीठ-गुळाचं पाणी घोट घोट त्याच्या तोंडात घातलं. या खेपेला आबाने नेम सांगितला नाही, तेवढं त्राण कुठे होतं? तो घोट घेत होता आणि प्रत्येक घोटाला नदी थोडी मागे सरत होती. मासे गेले. आईचा आवाज गेला. आबाला वाईट वाटलं. एवढी सुंदर नदी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

सकाळी उठला तेव्हा समोर नुसता रखरखीत माळ होता. पाटलांनी हळदीच्या जागी पहारी, टिकाव आणून ठेवले होते. लोक यायच्या आत आबा तिथे एकटाच गेला. त्याने नारळ हातावर आडवा ठेवला. नारळ हलला नाही. आबा चार पावलं मागे गेला, पुन्हा आला. नारळ जागचा हलेना.

आबाला उमगलं. काल पाणी बोललं नव्हतं, आपला हातच कापत होता. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. वर्षभर खणून पाणी लागलं नाही तर खडकाला दोष देता येईल. पण तोवर वाडी उठेल, आणि हौसाक्का या वयात घागर घेऊन कुठे जाईल?

लोक आले. पाटलांनी पहिला टिकाव उचलला.

"थांबा!" आबा ओरडला. "ही जागा खोटी हाय. नारळ आपणहून उभा राहिला न्हाई. माझं अंग वाळलं हुतं, त्यानं हात थरथरला. मी चुकलो."

आबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी पाटलांनी टिकाव खाली ठेवला.

"मग आता?"

"मला आठ दिवस द्या. नेम मोडून बघतो."

आठ दिवस आबा हातावर नारळ ठेवून हौसाक्काबरोबर झऱ्याच्या वाटेने चालला. दगड आला की घोट. तहान नाही, तरी घोट. तिसऱ्या दिवशी त्याची जीभ ओली झाली. पाचव्या दिवशी माळ डोलायचा थांबला. आठव्या दिवशी चौथ्या दगडाशी घोट घेऊन त्याने पाऊल टाकलं आणि नारळ अगदी सावकाश, एखादं माणूस झोपेतून उठतं तसा उठून उभा राहिला. आबाने आधी हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. त्या दिवशी निळ्या नदीच्या नादात तो याच जागेवरून पुढे गेला होता.

तिथे विहीर खणली आणि खडकातून पाणी फुटलं. वाडीने आबाला आणि ठकूबाईला बोलावून घेतलं. देवाला पाणी दाखवून झाल्यावर हौसाक्काने पहिला तांब्या आबाच्या हाती दिला. सगळी वाडी बघत होती. आबाला तहान नव्हती. तो काठावर बसला आणि घोट घोट करत सगळा तांब्या प्यायला.

ठकूबाईने रिकामा तांब्या उलटा करून पाहिला. तिचे डोळे भरून आले होते.

"अगं बाई," ती म्हणाली, "आता माझ्या तुळशीचं कसं हुयाचं?"

तात्पर्य: म्हातारपणी तहान हाक मारायला विसरते, म्हणून तिची वाट न बघता आपणच आठवणीने घोट घोट पाणी प्यावं.