सलाम आणि शलाम

समुद्राच्या मधोमध एका बेटावर फक्त पोपटच राहायचे, तेव्हाची ही गोष्ट. दोन गलबतांतून दोन धनी आले, मधल्या ओढ्यावरून त्यांनी बेट वाटून घेतलं आणि पोपटांना पिंजऱ्यात घातलं. अल्याडच्या धन्याने शिकवलं, "सलाम!" पल्याडच्याची जीभ जड, म्हणून तिकडे झालं, "शलाम!"

पुढे धनी गेले, पिंजरे गंजले. पोपट मात्र ओढ्यावर पहारा देत बसले. पलीकडून कुणी आलं की आधी सलाम करायला लावायचे, आणि उच्चार चुकला की पिसं उपटायचे.

एका वर्षी पल्याडच्या जांभळींना फळच धरलं नाही. तिकडची एक म्हातारी पोपटीण अल्याडच्या जांभळीवर येऊन बसली.

"आजीबाई, आधी सलाम करा," पहारेकरी हिरोजी म्हणाला.

"शलाम, बाबा. दात पडलेत म्हटलं असतं, पण आपल्याला दातच कुठं असतात?"

हिरोजीने चोच उगारली. तेवढ्यात डोंगर गरजला. सगळं बेट हललं, ओढा क्षणभर उलटा वाहिला. दोन्ही काठांवरचे हजारो पोपट एकदम उडाले आणि एकाच आवाजात किंचाळले, "ट्यँऽऽ!" आभाळ हिरवंगार झालं. शिकवलेला शब्द एकालाही आठवला नाही.

डोंगर शांत झाला, पोपट पुन्हा फांद्यांवर उतरले, तरी हिरोजी वरच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आजी, आत्ता ओरडले ते आमचे की तुमचे?"

"कोण जाणे. माझी आई अंड्यांवर बसून असंच बोलायची."

"माझीसुद्धा," हिरोजी म्हणाला, आणि फांदीवर जरा सरकून बसला.