गोधडीबाहेरची बोटं

बारशाच्याही कितीतरी आधीची गोष्ट. आईच्या पोटात एक मुलगी घडत होती. तिच्या इवल्याशा पेशीत एक्स गुणसूत्रांची जोडी राहायची, दोघी बहिणीच, थोरली आणि धाकटी. दोघी राबल्या तर कामाचा नुसता गोंधळ, म्हणून एकीनं झोपायचं, असा तिथला रिवाज.

थोरलीनं धाकटीला गोधडीत गुंडाळलं. तरी टोकाची काही जनुकं पायाच्या बोटांसारखी बाहेर राहिली आणि चक्क कामाला लागली!

"रिवाज मोडतेस?" थोरलीनं चिडून गोधडी खाली ओढली. बोटं झाकली गेली, तशी सारी पेशी डगमगली. घाबरून थोरलीनं गोधडी सोडली.

"ताई," धाकटी झोपेतच पुटपुटली, "तान्ह्याजवळ निजलेली आई कधी सगळीच झोपते का गं?"

बोटं पुन्हा बाहेर आली, तशी पेशी सावरली. मग वाकून थोरलीनं धाकटीच्या पायांना हात लावला.