तापट कॉम्प्युटरची अकरा पिल्लं

सुगीच्या घरात भरपूर अशा दोनच गोष्टी होत्या. पत्र्याच्या भोकांतून येणारे सोनेरी कवडसे आणि आईचं हसू. बाकी सगळं मोजकं. एक चूल, एक गोधडी, एक कोंबडी. कोंबडीच्या काळ्याभोर पिसांवर कवड्यांसारखे पांढरे ठिपके होते, म्हणून तिचं नाव कवडी.

कवडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. टोपलीत पिवळाधमक पेंढा, पेंढ्यावर अकरा अंडी. आई अंडं बॅटरीच्या उजेडात धरायची. आत लाल लाल नाजूक रेघा आणि मधोमध टुकटुक करणारा इवलासा ठिपका.

"जीव धरलाय बघ," आई म्हणायची.

पंधराव्या दिवशी सकाळी मुंगसाने कवडीला नेलं. टोपलीपाशी चार ठिपकेदार पिसं तेवढी उरली.

आई धावत शेजारच्या जनाकाकूंकडे गेली. "काकू, तुमच्याकडं एखादी खुडूक आहे का हो?"

"कुठली गं बाई! माझ्या कोंबड्या नुसत्या नटून फिरतात," जनाकाकू हळहळल्या.

आई परत आली. "सुगे, दुपारपर्यंत ऊब मिळाली नाही, तर ही पिल्लं काही जगायची नाहीत गं."

सुगीने टोपली गोधडीत गुंडाळली, पोटाशी धरली आणि थेट शाळेमागच्या बागेत गेली. तिथे बकुळीपाशी छान ऊन पडायचं. आणि तिथेच, झाडाखाली, आठ जुने कॉम्प्युटर टाकून दिलेले होते. शाळेत नवे आले तसे हे बाहेर आले. म्हाताऱ्या दातांसारखे पिवळे पडले होते बिचारे. सुगी येता-जाता फ्रॉकच्या टोकाने त्यांची धूळ पुसायची, कोळिष्टकं काढायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिला करावंसं वाटायचं, एवढंच.

माझा धंदा जुन्या सामानाचा, म्हणून मध्येच एक सांगतो. एका बाईंनी फुटका कुकर मोडीत दिला. मी त्यात तुळस लावली. आठ दिवसांनी त्याच बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "अहो शेठ, किती छान कुंडी! आम्हाला द्या ना." वस्तू तीच हो. बघणारा डोळा बदलला.

तर सुगी रडत होती. पण रडता रडताही तिला दिसलं, एका कॉम्प्युटरवर ओलं पान चिकटलंय. तिने ते अलगद काढलं, डबा पुसला. आणि काय सांगू! डब्यावरचा मेलेला दिवा लुकलुकला. हिरवा, मग सोनेरी, मग मोरपंखी! त्या उजेडातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. हिरवागार झगा, त्यावर सोनेरी रेघांची नक्षी, तांब्याच्या तारांचे झुलते केस.

"मी मिणमिणपरी," ती किणकिणली. "आमची धूळ पुसणारी तूच ना? माग तीन इच्छा. पण अटी आहेत हं! नवं काही मागायचं नाही. जुन्यालाच नवं काम द्यायचं. आणि देण्याआधी त्याला विचारायचं."

"मला ऊब हवी," सुगी हुंदका आवरत म्हणाली. "कवडीच्या पोटाएवढी. सहा दिवस."

"मग विचार की!"

सुगी त्या पिवळ्या डब्यापुढे वाकली. "आजोबा, तुम्ही ऊब द्याल का?"

डब्यातून घरघर आली. "पोरी, मी तापतो म्हणून तर मला बाहेर काढलं! दिवसभर सगळे ओरडायचे, हा तापला, हा तापला."

"अहो, मला तापणाराच हवाय!"

डब्यावरचा दिवा लुकलुकला. मग हळूच म्हणाला, "खरंच? मला मोजताही येतं हं. ऊब जास्त झाली की पंखा लावीन, कमी झाली की थांबवीन."

परीने टिचकी मारली आणि आजोबांच्या पोटातली सर्किटची हिरवी पाटी उजळली. पहिली इच्छा पुरी झाली.

आईने आजोबांना घरी आणून वायर जोडली. पोटात पेंढा, पेंढ्यावर अंडी, शेजारी पाण्याची वाटी. सुगीने प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण केली. दिवसातून तीनदा ती अंडी उलटायची, अगदी कवडीसारखी.

जनाकाकू बघायला आल्या आणि हसत सुटल्या. "अगं, डब्यात अंडी? आता पिल्लं आरवणार की टकटक टाइप करणार?"

अठराव्या दिवशी धुकं पडलं. बोचरा वारा सुटला. सुगीला वाटलं, आजोबांना थंडी वाजेल. मायेने तिने घरातली एकुलती एक गोधडी त्यांच्यावर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि शाळेत गेली.

मधल्या सुट्टीत परत येऊन बघते तर काय! घरघर बंद. हिरवा दिवा विझलेला.

"मिणमिणपरी!" सुगी किंचाळली. "दुसरी इच्छा घे! यांना चालू कर!"

परी तिच्या खांद्यावर उतरली. "इच्छा घालवू नकोस, सोनुले. अट आठव. आधी विचार."

"आजोबा, काय झालं हो?"

"गुदमरलो गं," क्षीण आवाज आला. "माया खूप केलीस, पण वाऱ्याची वाट बुजली. अंडी भाजू नयेत म्हणून मीच बंद झालो."

सुगीने गोधडी ओढून काढली. फुर्र करून पंखा फिरला. आईने एक अंडं बॅटरीसमोर धरलं. आत काहीच हललं नाही... आणि मग हललं! टुकटुक! आई हसता हसता रडली.

एकविसाव्या दिवशी सकाळी टक् टक् टक्! कवच तडकलं. एक पिवळं, एक तपकिरी, एक काळंभोर, कापसाच्या बोंडांसारखे दहा चिमुकले गोळे बाहेर आले. अकरावं काही येईना. दुपार झाली. जनाकाकूही पदर तोंडाशी धरून बसल्या. ऊन कलायला लागलं, तेव्हा एवढीशी चोच बाहेर आली आणि मागोमाग ठिपकेदार पिल्लू! थेट कवडी!

"हुश्श!" जनाकाकू म्हणाल्या. "मी तर बाई श्वासच रोखून धरला होता."

"दोन इच्छा उरल्या," परी म्हणाली.

"बागेतल्या त्या सातजणांनाही विचारू या ना."

मग सातहीजणांना विचारलं, परीने दुसरी टिचकी मारली. एकाला जाळीचं दार लावून कोंबड्यांचं खुराडं केलं, मुंगसाची नखं तिथे चालेनात. एकजण डोळे अधू झालेल्या जनाकाकूंना मुलाची पत्रं मोठ्याने वाचून दाखवू लागला. एकाच्या पंख्यावर सगळ्या आळीच्या मिरच्या वाळू लागल्या. सातही कामाला लागले.

"आता शेवटची. स्वतःसाठी माग हं."

सुगीने अकरा पिल्लांकडे पाहिलं. "माझं झालं की सगळं. आजोबांना काय हवंय?"

कॉम्प्युटरचा पंखा एकदम जोरात फिरला. असं त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "पिल्लं मोठी होईपर्यंत मला बंद करू नका."

परी हसली. हिरवी झाली, सोनेरी झाली, मोरपंखी झाली आणि लखलखत डब्यावरच्या त्या छोट्याशा दिव्यात विरून गेली.

वर्षभरात सुगीच्या अंगणात कोंबड्याच कोंबड्या झाल्या आणि दुसरी गोधडीही आली. पण मला आवडतं ते त्याआधीचं. अंगणावरून घारीची सावली गेली की पिल्लं चिवचिवत पळायची. ना सुगीकडे, ना आईकडे. अकराच्या अकरा जाऊन त्या पिवळ्या डब्याला चिकटायची. आणि डबा हळूहळू तापायचा.