निवृत्तीने पूल सुरू केला

एका नदीकाठच्या गावात निवृत्ती नावाचा एक भोळा भक्त होता. सांगितलेल्या शब्दात तो काना-मात्रेचाही फरक करीत नसे. भोळा भाव देवाला आवडतो; यंत्राला तो आवडतोच असे नाही.

गावचे राममंदिर नदीतल्या बेटावर होते. तेथे जायला एकच झुलता पूल. तो इतका झुले की भाविक मंदिरात पोचण्याआधीच रामाचा धावा करीत. सरकारी साहेबांनी बजावले होते, "रामनवमीला पाहायला येईन. पूल हलला, तर कायमचा बंद." पूल बंद झाला तर देवाला नैवेद्य कोण नेणार? गुरवकाकांच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा शहरातून वसुधाताई नावाच्या इंजिनियर आल्या. त्यांच्यापाशी पातळ पट्ट्या होत्या. पट्टीत केसासारखे बारीक धागे, एका विशेष चिनी मातीचे. पट्टी वाकवली की तिच्यातून वीज निघे. तिला वीज दिली की ती आपण होऊन लांबे, आखडे. "पूल डावीकडे कलला की या त्याला उजवीकडे ओढतील," ताई म्हणाल्या. पट्ट्यांच्या तारा त्यांनी मंदिराच्या ओवरीतल्या एका पेटीत आणल्या आणि मदतीला निवृत्तीला घेतले.

"निवृत्तीदादा, चिकटवण्याआधी जागा घासून लख्ख करायची. तेलाचा थेंब राहता कामा नये."

"बरं, ताई."

त्याच दिवशी गुरवकाका म्हणाले, "मारुतीरायाला हे चांदीचे डोळे चिकटव." निवृत्तीने आधी मारुती घासला. शंभर वर्षांचा शेंदूर निघाला. आतला मारुती मुठीएवढा होता.

"अरे निवृत्त्या! देवाचं काम तेल-शेंदूर लावल्यावाचून करतात का?"

"चुकलो, काका."

दुसऱ्या दिवशी त्याने पुलाला तेल-शेंदूर लावून पट्ट्या बसवल्या. देवाच्या वाटेचेच काम ना ते! पट्ट्या एकामागून एक नदीत उतरल्या.

"कोरडं, दादा, कोरडं! ओलं दिसलं की पुसायचं!"

"चुकलो, ताई."

सायंकाळी काकांनी त्याला तीर्थ द्यायला बसवले. त्याने प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ दिले आणि लगेच पुसून घेतले.

रामनवमी उजाडली. ताईंनी स्वतःच्या हाताने नव्या पट्ट्या बसवल्या होत्या. साहेब पूल ओलांडून बेटावर आले. पूल देवासमोरच्या समईच्या ज्योतीसारखा निश्चल.

"ठीक दिसतोय," साहेब म्हणाले. "जन्म होऊ द्या, मग शेरा लिहितो."

ताईंपाशी एक पट्टी उरली होती. "दादा, सगळ्यात जास्त झुलेल तिथे ही लावून पेटीला जोडा."

सगळ्यात जास्त झुलत होता रामाचा पाळणा.

बारा वाजले. गुलाल उधळला. सुवासिनींनी दोरी ओढली. पाळणा जागचा हलेना.

"काय केलंस रे?" काका ओरडले.

"स्थिर केला, काका."

"उलट कर! सगळं उलट कर!"

निवृत्तीने पेटीतल्या सगळ्या तारा उलट्या जोडल्या. पाळणा झुलू लागला. पूलही झुलू लागला, शेपटीला धरलेल्या सापासारखा.

साहेब गरजले, "पूल बंद करा!"

निवृत्तीने पेटीचे बटण बंद केले. "केला, साहेब."

"अरे, बटण नव्हे! यापुढे माझ्या लेखी हुकमावाचून त्या बटणाला हात लावशील तर खबरदार!"

"चुकलो, साहेब."

ताईंनी हात जोडले. "तारा उलटल्या, साहेब. पुलाचा दोष नाही. शिवाय पूल बंद, तर आपण घरी कसे जाणार?"

साहेबांनी नदीकडे पाहिले. त्यांना पोहता येत नव्हते. त्यांनी कागदावर लिहिले, 'पूल सुरू करावा', आणि खाली सही केली. काकांनी कागद कपाळाला लावला, निवृत्तीच्या हाती दिला आणि देवापुढे साष्टांग पडले.

साहेब निघाले. ताई सोबतीला गेल्या. दोघे पुलाच्या मध्यावर पोचले.

इकडे निवृत्तीने कागद वाचला. एकदा वाचला. दोनदा वाचला. मग बटण दाबले. तारा अजून उलट्याच होत्या.

पूल सुरू झाला.

साहेबांनी दोर कवटाळला. ताईंनी साहेबांना कवटाळले. "बंद कर! अरे, बंद कर!" साहेब ओरडले.

निवृत्तीने ओवरीतून नमस्कार केला.

"तोंडी नको, साहेब! लेखी द्या!"

"पेन नदीत पडलं रे!"

"मग थांबा तिथेच! मी पेन आणून देतो. पूल सुरूच आहे!"